कंबरदुखी आणि पायातली चप्पल: दिवसभर उभं राहणाऱ्यांनी काय पाहून घ्यावं

प्रश्न असा आहे: "मी माध्यमिक शाळेत शिकवते. वय ४६. दिवसाचे पाच-सहा तास उभं राहावं लागतं. दुपारनंतर कंबर भरून येते, संध्याकाळी टाचाही ठणकतात. रोज साडी असते, त्यामुळे बूट घालणं जमत नाही. दुकानात अडीच हजारांची 'ऑर्थो' चप्पल दाखवली, पाय ठेवला की कापसावर ठेवल्यासारखं वाटतं. ती घ्यावी का? माझे तळपाय सपाट आहेत, त्यामुळे हे होत असेल का? आणि घरात काय घालावं?"

केवळ मऊ लागते म्हणून ती चप्पल घेऊ नका. दुकानात चार पावलं टाकताना जो मऊपणा सुखावतो, तोच चौथ्या-पाचव्या तासाला त्रास देतो. फार मऊ तळात टाच रुतते, पाऊल आत-बाहेर कलत राहतं आणि ते सावरण्यासाठी घोट्याचे, पोटरीचे, मांडीचे आणि कंबरेचे स्नायू सतत थोडे थोडे राबत राहतात. आधार आणि मऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला आधी आधार हवा आहे: टाच मागून धरणारं, बोटांना जागा देणारं, चवड्यापाशी वाकणारं पण मधोमध न वाकणारं, आणि दाबल्यावर थोडं दबून लगेच वर येणारं पादत्राण. असं पादत्राण हजार-बाराशे रुपयांतही सापडतं आणि पाच हजारांच्या बुटात यातलं काहीच नाही, असंही होतं. 'ऑर्थो' हा शब्द पेटीवर छापायला कुठली परीक्षा द्यावी लागत नाही.

त्याआधी अपेक्षा ठरवून घ्या, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. चप्पल बदलून कंबरदुखी बरी होते, असा दावा कुणी केला तर तो मानू नका. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २००७ मध्ये इनसोल (बुटात पावलाखाली घालायचा सुटा तळ) आणि पाठदुखी यांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. इनसोल वापरल्याने पाठदुखी टळत नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. आधीच दुखत असेल तर फायदा होतो का, हे सांगायला पुरावा पुरेसा नव्हता. मधल्या काळात खाली गोलाई असलेले, झुलत्या तळाचे बूट पाठीसाठी म्हणून खूप विकले गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ते बूट आणि साधे सपाट तळाचे स्पोर्ट्स शूज यांची जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांमध्ये तुलना केली गेली. झुलत्या तळाचा जास्त फायदा दिसला नाही. उलट उभं राहिल्याने किंवा चालल्याने ज्यांचं दुखणं वाढायचं, त्यांना साधे सपाट बूटच अधिक मानवले. तुमचं दुखणं नेमकं त्याच प्रकारचं आहे, म्हणून हा तपशील लक्षात ठेवा.

मग पादत्राणाचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि चांगला आहे. योग्य पादत्राणात कंबर थोडी उशिरा भरून येऊ शकते. टाचदुखी असेल तर फरक आणखी लवकर जाणवतो. आणि टाच दुखत नसली की माणूस अंग चोरून, एका पायावर भार टाकून उभा राहत नाही. कंबरेला त्याचाही फायदा मिळतो.

शरीरात घडतं काय, तेही थोडक्यात पाहू. अनवाणी सरळ उभं असताना शरीराचा साधारण ६० टक्के भार टाचांवर असतो. टाचेच्या हाडाखाली दीड-दोन सेंटिमीटर जाडीची चरबीची गादी असते. ती वयानुसार लवचिकपणा गमावते, म्हणून चाळिशीनंतर त्याच फरशीवर तेवढाच वेळ उभं राहणं जड जातं. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात आणि रक्त वर ढकलतात. एका जागी खिळून उभं राहिल्यावर हे थांबतं, पाय जड होतात, माणूस गुडघे मागे ताणून कुल्हे पुढे टाकतो आणि कंबरेचा बाक वाढवून 'टेकून' उभा राहतो. फळ्याशेजारी उभ्या असलेल्या शिक्षकांना तासाच्या शेवटी बाजूने पाहिलं, तर ही ठेवण हमखास दिसते. ती मोडायची तर पादत्राणासोबत उभं राहण्याची पद्धतही बदलावी लागते. त्याकडे पुढे येते.

आधी पाय मोजा

दुकानात जाण्याआधी घरी दहा मिनिटं द्या. वेळ संध्याकाळची हवी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळी बरोबर बसलेली चप्पल शेवटच्या तासाला आवळते. भिंतीला लागून जमिनीवर कोरा कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहा. बसून घेतलेलं माप कमी भरतं. पेन्सिल अगदी उभी धरून दुसऱ्या कुणाकडून पावलाची कड आखून घ्या. स्वतः वाकून आखलं तर भार एका बाजूला जातो. आता भिंतीपासून सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंत अंतर मोजा. बऱ्याच जणांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तसं असेल तर माप त्याचं घ्या. मग अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी जिथे पाऊल सर्वांत रुंद आहे, ती रुंदी मोजा. दोन्ही पाय मोजा, कारण क्वचितच सारखे निघतात. खरेदी मोठ्या पायाच्या मापाने करायची.

बंद बुटात सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा हवी, म्हणजे जवळपास अंगठ्याच्या नखाच्या रुंदीइतकी. उघड्या सँडलमध्ये ५ ते ८ मिलिमीटर पुरते. आपल्याकडे जे ब्रिटिश नंबर चालतात त्यांत एका नंबराचा फरक साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असतो, युरोपियन नंबरात सुमारे पावणेसात. त्यामुळे 'पाच घट्ट होतं, सहा द्या' म्हणताना तुम्ही जवळजवळ एक सेंटिमीटर पुढे जाता. अर्धे नंबर बनवणारी कंपनी मिळाली तर ती आधी बघा. आणि कंपनी बदलली की नंबर विसरून सेंटिमीटर जुळवा.

लांबीपेक्षा रुंदीत जास्त फसगत होते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांचे पाय त्रिमितीय स्कॅनरने मोजले, तेव्हा आपले पाय परदेशी साच्यांच्या मानाने रुंद असल्याचंच दिसून आलं. आपल्या बाजारातलं बरंचसं पादत्राण त्याच परदेशी साच्यांवर बेतलेलं, आणि बायकांचं तर पुढे आणखी निमुळतं. करंगळी दाबली गेली की लोक मोठा नंबर घेतात. त्याने रुंदी थोडीशीच वाढते, लांबी मात्र बरीच वाढते. चप्पल जिथे वाकते ती जागा चवड्याच्या पुढे सरकते, टाच मागे सुटते आणि प्रत्येक पावलाला बोटांनी चप्पल धरून ठेवावी लागते. तळव्याचे आणि नडगीचे स्नायू त्यामुळे थकतात. रुंद पायाला रुंद साचाच शोधा, किंवा पट्टे सैल-घट्ट करता येतील अशी सँडल घ्या. अनेकदा त्याच कंपनीचं पुरुषांचं मॉडेल रुंदीला बरोबर बसतं. रंग आवडला नाही तरी एकदा घालून बघावं, एवढी ती शक्यता चांगली आहे.

आखलेला कागद पावलाच्या आकारात कापून सोबत न्या. सँडलच्या तळावर तो ठेवला आणि कागद कुठेही बाहेर डोकावला, तर ती जोडी पायात घालून बघायचीही गरज नाही.

दुकानात हाताने करायच्या तपासण्या

पायात घालण्याआधी चप्पल किंवा बूट हातात घ्या आणि काउंटरवर ठेवून डोळ्यांच्या पातळीवर मागून बघा. टाचेची मागची बाजू सरळ उभी हवी, आत किंवा बाहेर कललेली नको. वर बोट ठेवून हलकेच ढकला. डुगडुगत असेल तर परत ठेवा. नव्या मालातही जोडणीचे दोष असतात, आणि दोन-तीन मिलिमीटरचा तिरकेपणा रोज हजारो पावलांत पायाखाली येतो.

मग टाचेच्या मागची भिंत अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाबा. बंद बुटात ती कडक हवी. सहज दबून आत गेली तर ती टाचेला धरणार नाही, आणि टाच सैल राहिली की वरचं सगळं सैल राहतं. सँडलला भिंत नसते. तिथे मागचा पट्टा बघायचा: तो नुसता इलॅस्टिकचा नको, कारण काही महिन्यांत ताणून लोंबतो, बकल किंवा वेलक्रो असलेला हवा. टाच बसते तिथे तळाला उथळ वाटीसारखी खोली असेल तर उत्तम. मागे पट्टाच नसलेल्या चपलेत दिवसभर उभं राहायचं असेल तर बाकी गुण कितीही असोत, मी ती पहिल्या पसंतीला ठेवणार नाही.

तिसरी गोष्ट पिळण्याची. एका हातात टाच, दुसऱ्यात चवडा धरून ओलं फडकं पिळावं तसं पिळा. थोडं पिळलं जावं, पण सुरळी होता कामा नये. मग टोक वर वाकवा. वाकण्याची रेघ चवड्यावर, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी यायला हवी. जे पादत्राण बरोबर मधोमध दुमडतं, त्यात पावलाच्या कमानीखाली काहीही आधार नाही, मग आत कमानीच्या आकाराचा फुगवटा कितीही सुबक असो. बाजारातल्या 'आरामदायी' बॅलेरिना आणि पातळ तळाचे कापडी बूट बहुतेक इथेच नापास होतात. उलट चवड्यापाशीही न वाकणारा तळ चालताना टाच आतून वर उचलतो. बूट घासतो आणि पावलं लहान पडतात.

शेवटी टाचेच्या जागी अंगठा जोरात रोवा आणि सोडा. खड्डा पडून लगेच भरून यावा. अंगठा खालच्या कठीण थरापर्यंत गेला, तर तुमच्या वजनाखाली तो मऊ थर सपाटच राहणार आणि गादीचं काम कोणी करणार नाही. दाबल्यावर आकार सावकाश परत येणारा मेमरी फोम घोट्याजवळच्या गादीत किंवा पातळ वरच्या थरात छान लागतो. मुख्य तळ म्हणून तो उभं राहण्याच्या कामाला पुरत नाही.

आता घाला, दोन्ही पायांत घाला. दुकानदार चालायला सांगेल. चाला, पण तुमची तक्रार उभं राहण्याची आहे, म्हणून पाच मिनिटं एका जागी उभ्याही राहा. बोटं आत हलवता आली पाहिजेत. टाच सुटत नाही ना ते चालताना आणि दोन पायऱ्या उतरताना बघा. पट्ट्याची शिवण अंगठ्याच्या मुळाशी हाड जिथे बाहेर येतं तिथे टोचत असेल, तर 'वापरून सैल होईल' हे ऐकू नका. चामडं सैल होतं, रेक्झिन होत नाही.

तळाचा माल

ईव्हीए, म्हणजे फोमसारखं प्लास्टिक, हलकं, पाण्याने न बिघडणारं आणि स्वस्त. पण ते कायमचं दबत जातं, टाचेखाली आधी. रोज वापरलेल्या ईव्हीएच्या चपलेत सहा-आठ महिन्यांत टाचेखाली खळगा दिसला, तर तिचं आयुष्य संपलं, वरचे पट्टे कितीही नवे दिसोत. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, थोडं जड, पण आकार जास्त दिवस टिकवतं, म्हणून दिवसभर उभं राहणाऱ्यांसाठी मी पीयूकडे झुकते. त्याचा एक मोठा दोष मात्र आपल्या हवेत फार जाणवतो: दमट हवेत पीयूची रासायनिक बांधणीच सुटत जाते. मुंबई-कोकणात जपून कपाटात ठेवलेली सँडल तीन-चार वर्षांनी लग्नाला काढावी आणि मांडवात तळाचा भुगा पडावा, याचं कारण हेच. पीयू घेतलं तर वापरा. साठवून ठेवू नका, आणि दुकानातला जुना साठा सवलतीत मिळाला तरी घेऊ नका. रबर किंवा टीपीआर (रबरासारखं प्लास्टिक) खालच्या थरात हवं, कारण ओल्या शहाबादी किंवा गुळगुळीत टाइल्सवर नुसतं ईव्हीए घसरतं. पावसाळ्यात घसरून बसलेला कंबरेचा हिसका सगळ्या फायद्यांवर पाणी फिरवतो.

एमसीआर म्हणजे सूक्ष्म छिद्रांचं रबर. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी पादत्राणांवर जे काम केलं, त्यातून हा तळ आपल्याकडे रुळला. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना तो आजही उपयोगी आहे, कारण तो दाब पसरवतो. तुमच्या पायांत संवेदना शाबूत असेल तर एमसीआरच हवं असा काही नियम नाही. घेतलंच, तर त्याखाली कडक रबराचा थर आणि मागे पट्टा आहे का ते बघा.

टाचेच्या उंचीबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणजे पूर्ण सपाटच चांगलं. ज्यांची टाच दुखते आणि पोटऱ्या आखडलेल्या असतात, त्यांना अगदी सपाट चपलेत त्रास वाढतो, कारण पोटरी आणि तळव्याचा पडदा (टाचेपासून बोटांकडे जाणारा जाड पट्टा) दोन्ही ताणले जातात. टाच चवड्यापेक्षा साधारण १ सेंटिमीटर उंच असेल तर हा ताण कमी होतो. दुसरं टोक म्हणजे उंच टाचा. पाच सेंटिमीटरच्या वर गेलं की भार चवड्यावर सरकतो, रोजच्या वापराने पोटरी आखूड होते आणि घोटा मुरगळण्याचा धोका वाढतो. कंबरेचा बाक त्याने प्रत्येकीत वाढतो असं मात्र नाही. काही जणींत तो कमीही होतो. तेव्हा उंच टाचांना नकार चवडा, पोटरी आणि घोट्यासाठी द्या, कंबरेच्या भीतीने नको. टाचेखाली एकूण अडीच-तीन सेंटिमीटर, चवड्याखाली दीड-दोन, आणि तळ सलग पसरलेला, हे प्रमाण बहुतेकांना मानवतं.

कोल्हापुरी चपलेबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून लिहिते. ती रुंद पावलाला सामावून घेते, तळ मधे सुरळी होत नाही आणि चामडं पायाचा आकार घेतं. या बाजू चांगल्या आहेत. पण गादी जवळपास नाही, टाचेला पट्टा नाही आणि ओली झाली की घसरते. समारंभाला, बाजाराला खुशाल घाला. सहा तास कोटा फरशीवर उभं राहण्यासाठी ती नाही.

तुमच्या शाळेसाठी मी सुचवेन ती सँडल अशी: पुढे रुंद, पावलावर आणि मागे मिळून किमान दोन जागी सैल-घट्ट करता येणारे पट्टे, पीयूचा तळ, खाली रबर, टाचेला उथळ खोली. साडीबरोबर ती अजिबात विचित्र दिसत नाही. फक्त नवी सँडल जुनीपेक्षा एखादा सेंटिमीटर उंच किंवा बुटकी असेल, तर साडी नेसतानाच ती पायात घाला. नाहीतर निऱ्या पायात येतात किंवा काठ घोट्याच्या वर राहतो, आणि मग सँडलच नको वाटू लागते. वेलक्रोत धागे आणि केस अडकून पकड जाते. जुन्या टूथब्रशने महिन्यातून एकदा साफ केलं की पुरे. ज्यांना बूट घालता येतात त्यांनी वरचं शेवटचं जादा भोक वापरावं: लेस त्याच बाजूच्या भोकात मागून घालून छोटा फास करायचा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओढायची आणि मग गाठ मारायची. टाच मागे घट्ट बसते आणि बोटांवरचा भाग सैल ठेवता येतो.

सपाट तळपायाचं काय?

सपाट पाय हा आजार नाही. पुष्कळ माणसं जन्मभर सपाट पायांनी काम करतात आणि त्यांना काहीच होत नाही. भिंतीला हात टेकवून चवड्यांवर उभ्या राहा आणि मागून कुणाला तरी बघायला सांगा. चवड्यांवर गेल्यावर कमान उमटली आणि टाच किंचित आत वळली, तर तुमचा सपाटपणा लवचिक आहे. त्याला वर वर्णन केलेली भक्कम सँडल बहुधा पुरते. कमान उमटलीच नाही, किंवा एका पायावर चवड्यावर उठताच येत नाही, किंवा गेल्या वर्ष-दोन वर्षांत एकच पाय सपाट होत चालला आहे आणि आतल्या घोट्यामागे दुखतं, तर घोट्याच्या आतल्या बाजूने जाणारा स्नायुबंध दुखावलेला असू शकतो. हे मात्र डॉक्टरांना दाखवा, आणि लवकर दाखवा.

मशिनवर उभं करून रंगीत चित्र दाखवणाऱ्या आणि लगेच चार-पाच हजारांचे इनसोल सुचवणाऱ्या दुकानांबद्दल सावध राहा. तळव्यावर दाब कुठे आहे एवढंच ते चित्र दाखवतं. कंबर का दुखते ते त्यात दिसत नाही. इनसोल वापरून पाहायचाच असेल तर आधी तयार, अर्धवट कडक, सातशे-हजार रुपयांपर्यंतचा घ्या. त्याचा उंचवटा तुमच्या कमानीच्या बरोबर मध्यावर यायला हवा. पुढे आला तर चवडा दुखतो, मागे आला तर टाचेच्या आतल्या कडेला टोचतो. बुटातला मूळ इनसोल काढून मग हा घाला, एकावर एक ठेवले की टाच वर येते आणि बूट सुटू लागतो. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज एक-एक तास वाढवत नेला तर आठवडाभरात पूर्ण दिवस जमतो. गुडघा किंवा कुल्हा नव्याने दुखू लागला तर काढून टाका.

एक पाय आखूड असल्याची शंकाही अनेकांना असते. अर्धा-एक सेंटिमीटरचा फरक पुष्कळ जणांत असतो आणि त्याचा त्रास होईलच असं नाही. कंबरेचे स्नायू आखडल्यामुळे कटी कलते आणि आखूडपणा नसताना तसा भास होतो. म्हणून नुसत्या अंदाजाने टाचेखाली पट्टी घालू नका. मोजून फरक निघालाच, तर निम्म्याने सुरुवात करतात. बुटाच्या आत जास्तीत जास्त एक सेंटिमीटरपर्यंत भर घालता येते, त्यापुढे खालच्या तळालाच उंची द्यावी लागते.

घरात आणि वर्गात

घर हा या प्रश्नाचा विसरलेला अर्धा भाग आहे. शाळेत सहा तास चांगली सँडल आणि घरी सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास ओट्यापाशी कडप्प्यावर अनवाणी, असं असेल तर टाचा सुधारत नाहीत. घरासाठी वेगळी, फक्त घरातच वापरायची, मागे पट्टा असलेली चप्पल ठेवा. बाहेरच्या चपला घरात आणायच्या नाहीत ही आपली रीत तशीच राहते आणि टाचेखाली दीड-दोन सेंटिमीटरचा थरही मिळतो. आठवड्याला एकदा धुवा, नाहीतर ओट्याजवळचं तेल तळाला बसून ती घसरते. सकाळी उठल्यावरचं पहिलं पाऊलच ठणकत असेल, तर चप्पल पलंगाशेजारी ठेवा आणि ती घालूनच उभ्या राहा. ओट्यासमोर १५-२० मिलिमीटर जाडीची, कडा उतरत्या असलेली रबरी मॅट चालेल; कडा उभ्या असतील तर अडखळायला होतं.

उभं राहताना एक पाय चार ते सहा इंच उंच स्टुलावर ठेवायचा आणि पाच-दहा मिनिटांनी पाय बदलायचा. याने कंबरेचा बाक सैल होतो. वर्गात स्टूल नसेल तर फळ्याखालच्या चौथऱ्याची कड हेच काम करते. एका जागी दहा मिनिटांहून जास्त उभ्या राहू नका. बाकांमधून एक फेरी मारली की पोटऱ्यांचा पंप चालू होतो. दोन तासांच्या मधल्या वेळेत दहा-बारा वेळा चवड्यांवर उठून सावकाश खाली या.

घरी रोज दोन व्यायाम तरी करा. भिंतीला हात टेकवून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला. पोटरीला ३० सेकंद ताण, प्रत्येक पायाला तीनदा. आणि पायरीच्या कडेवर चवडे टेकवून वर उठणं-खाली येणं, सुरुवातीला दोन्ही पायांवर १२ वेळा, तीन फेऱ्या. जमू लागलं की एका पायावर. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या भरून येतील, ते चालतं. पोटरी बळकट झाली की उभं राहण्याची ताकद वाढते, आणि हे काम कुठलीच सँडल करत नाही.

कधी चप्पल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. कळ गुडघ्याच्या खाली उतरते, मुंग्या येतात, रात्री झोपेतून उठवण्याइतकं दुखतं, सोबत ताप किंवा कारण नसताना वजन घटतं, किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं, तरी वाट पाहू नका. थोडं चाललं की दोन्ही पाय भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरं वाटतं, हेही तपासून घेण्यासारखं लक्षण आहे. मधुमेह असेल तर चप्पल निवडण्याआधी तळव्यांची संवेदना तपासून घ्या; अंगठ्याची चप्पल, घरात अनवाणी फिरणं आणि कडक इनसोल हे तिन्ही तोपर्यंत टाळा.

यातलं काही नसेल तर नव्या जोडीला चार आठवडे द्या. पहिला आठवडा रोज दोन-तीन तासच घाला, उरलेला वेळ जुनी. रोज ठरलेल्या वेळी, समजा शेवटच्या तासानंतर, कंबर आणि टाच यांना शून्य ते दहा असे वेगवेगळे आकडे द्या आणि वहीत लिहा. या काळात इनसोल, गादी, पट्टा असं दुसरं काही नवं सुरू करू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. टाचेचा आकडा उतरला आणि कंबरेचा जागच्या जागी राहिला, तर चप्पल बरोबर आहे, ती चालू ठेवा. कंबरेसाठी मात्र फिजिओथेरपिस्टकडे जा. जाताना सहा महिने तरी वापरलेली जुनी जोडी पिशवीत घालून न्या. टाचेची बाहेरची कड थोडी झिजलेली असणं नेहमीचंच आहे. आतली कड झिजली असेल, किंवा एका चपलेचा तळ दुसरीपेक्षा ठळकपणे जास्त घासलेला असेल, तर तुम्ही चालता कशा ते तपासण्याची सुरुवात तिथूनच करता येईल.